दसऱ्याचा काळा रंग आणि पिकअपचं अर्थिंग

आमच्या घरात गंज धरायची कुठल्याच वस्तूची हिंमत नव्हती. खंडेनवमीला लोक अवजारं पुसतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूचं फूल ठेवतात आणि मोकळे होतात. मी आधी आठ दिवस ब्रश घेऊन बसते. खुरप्यांच्या मुठी लाल, फवारणीचा पंप निळा, विहिरीवरच्या मोटरचं झाकण हिरवं. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यात गंज हा माझा लाडका धडा. लोखंड, हवा, पाणी आणि माणसाचा आळस, असे गंजाचे चार घटक मी मुलांना लिहून द्यायचे. चौथा पुस्तकात नव्हता, पण पेपरात मुलं तोच आधी लिहायची आणि मी त्याला मार्क द्यायचे.

सगळ्यात मोठं काम पिकअपचं. मखमलाबादच्या पुढे आमची फुलशेती आहे, झेंडू आणि शेवंतीची. ती फुलं रोज पहाटे पंचवटीच्या बाजारात न्यायची ही गाडी. चालवायचे आमचे हे. आणि गाडी दारात आली त्या वर्षापासून दर दसऱ्याला तिच्या चॅसीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, काळा ऑइलपेंट द्यायचे मी. चटई टाकून गाडीखाली शिरायचं, डोक्याला जुना पंचा बांधायचा आणि आडवं पडून रंगवायचं. शेजारच्या बायका म्हणायच्या, "बाई, पेन्शनीत आहात ना, आता तरी?" मी म्हणायचे, "गंजाला पेन्शन आहे का?"

आणि माझं काम वरवरचं नसतं. जिथे पाना चालतो तिथला बोल्ट मी सैल करते, आत ब्रश घालते, मग परत आवळते. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला इंजिनाकडून चॅसीकडे येणारी एक चपटी पट्टी आहे, बारीक तारांची वेणी घातल्यासारखी. तिचं टोक दर वर्षी सोडायचं, खाली दोन हात काळा मारायचा, पट्टीला चंदेरी द्यायचा, पुन्हा बोल्ट कसायचा. ती पट्टी कशासाठी असते हे मी कधी कुणाला विचारलं नाही. इंजिन जास्त हलू नये म्हणून बांधलेली असावी, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं.

त्या जागेचा मला एक छळ मात्र होता. तिथे रंग टिकतच नसे. सगळी चॅसी कशी तुळतुळीत, आणि ती पट्टी सोडली की खाली रुपयाएवढं लोखंड उघडं, पांढरं फटक! मी म्हणायचे, घासत असेल पट्टी. मग त्या जागी दोन हात जास्त. पुढच्या वर्षी बघावं तर पुन्हा तेच. मलाही हट्ट चढायचा. रंग बदलून पाहिला, आधी लाल प्रायमर मारून पाहिला. छे!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ह्यांचाही एक नेम असायचा. माझीच चटई घेऊन हे गाडीखाली जायचे. मी विचारायचे, "काय करताय?" आतून आवाज यायचा, "ग्रीसिंग. तासभर लागेल." दसऱ्याचा बाजार म्हणजे झेंडूवाल्याची सगळ्यात मोठी दमछाक. चार दिवस डोळ्याला डोळा लागायचा नाही. त्यामुळे मला वाटायचं, गाडीखाली गार सावलीत हे बिनधास्त झोप काढतात. मी तसं बोलूनही दाखवायचे. "ग्रीसिंग झालं की घोरणं थांबवा, जेवायला वाढलंय." हे हसायचे आणि हात धुवायला जायचे.

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. चालणं सुधारलं, गाडी चालवायला लागले, पण खाली बसणं कायमचं बंद. त्या दसऱ्याला हे वॉकर घेऊन ओट्यावर उभे होते आणि मी गाडीखाली. "यंदा राहू दे गं रंग," असं एकदा म्हणाले. मी म्हटलं, "तुमचे गुडघे गंजले म्हणून गाडी पण गंजू द्यायची का?" मी तोंडाची अशीच आहे, आणि ह्यांना त्याची सवय आहे.

दिवाळी झाली आणि गाडी बिघडली. बिघडली म्हणजे अंगात आल्यासारखं करायला लागली. ब्रेक दाबला की साइड दाखवायचा दिवा लुकलुकायचा. हॉर्न वाजवला की हेडलाइट मंद व्हायचे आणि हॉर्न म्हणजे म्हशीला दम लागल्यावर ती जशी ओरडते तसा. किल्ली फिरवली की नुसतं "टक्". पुन्हा "टक्". पंधरा वेळा टक् झालं की मग कधीतरी मनात आलं तर चालू. नवीन बॅटरी टाकली, स्टार्टर खोलून आणला. जाऊबाईंच्या सांगण्यावरून लिंबू-मिरची दुहेरी बांधली. गाडी टक्च्या पुढे जाईना.

शेवटी ह्यांनी उताराची विद्या शिकून घेतली. घरी गाडी बांधावर चढवून लावायची, म्हणजे सकाळी ब्रेक सोडला की घरंगळत चालू. पंचवटीत नदीकडे उतरणारी गल्ली गाठायची आणि तिथेच लावायची. एकदा ती जागा दुसऱ्याने घेतली आणि हे सपाटीवर अडकले. मागे भाजीच्या गाड्या, रिक्षावाले शिव्या देतायत, आणि दर्शनाला आलेल्या कुठल्याशा गावच्या सात-आठ माणसांनी गाडीला धक्का मारला. घरी येऊन हे म्हणाले, "लय भली माणसं. अंघोळ करून आली होती, पुन्हा घामाघूम झाली बिचारी."

मुलाला हे कळलं आणि त्याचा पारा चढला. तो शहरात राहतो, अंबडला कंपनीत नोकरीला आहे. रविवारी येऊन म्हणाला, "बाबा, आता बस झालं. गाडी विकून टाकू. व्यापाऱ्याचा टेम्पो वावरात येऊन फुलं घेऊन जाईल, तुम्हाला बाजारात जायची गरजच नाही. आराम करा." मी लगेच होकार दिला. मला खरंच पटलं होतं. ऑपरेशन झालेला माणूस, पहाटे चारला उठतो, त्या खटाऱ्याला ढकलत नेतो, कशासाठी?

कशासाठी ते मला ठाऊक होतं, पण मी ते डोळ्यांआड केलं. बाजाराला जायचं म्हटलं की हे पहाटे दाढी करायचे, रोज. पांढरा शर्ट, टोपी, खिशात कंगवा. बाजारात ह्यांना मान होता, चहाला थांबणारी माणसं होती, भांडायला हक्काचे व्यापारी होते. ज्या दिवशी गाडी चालू होत नसे त्या दिवशी हे दाढी करत नसत. नुसते ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून रस्त्याकडे बघायचे. गाडी गेली की ह्यांची रोजची सकाळ अशीच जाणार, हे दिसत होतं. तरी मी म्हटलं, होईल सवय.

हे भांडले नाहीत. "बघा तुम्हाला काय करायचं ते," एवढंच म्हणाले. मी त्याला होकार समजले. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी माणूस किती सोयीने ऐकतो बघा.

मुलाने ओळखीतून देवळ्याचं एक गिऱ्हाईक आणलं. कांदेवाला शेतकरी. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी दुपारी गाडी बघायला येणार होता. आता विकायची गाडी बांधावरून घरंगळवत दाखवणार का? निदान त्याच्यासमोर एकदा तरी किल्लीवर चालू व्हायला हवी. म्हणून मी त्याच रविवारी सकाळी वायरिंगवाल्याला बोलावलं. गाडी जगवायला नाही, नीट खपवायला.

आला तो माझाच विद्यार्थी निघाला. आता चाळिशीचा, पोट सुटलेला, गाड्यांच्या वायरिंगचं स्वतःचं दुकान असलेला. मी ह्याला नववीत विज्ञानात दोनदा नापास केलं होतं. तो ते विसरला नव्हता आणि मीही नाही. पण पाया पडला. "बाई, सर्किटच्या आकृतीत दोन वायरी काढल्या नाहीत म्हणून तुम्ही माझे मार्क कापले होते," म्हणाला. मी म्हटलं, "एका वायरीवर दिवा लागतो का रे?" तो नुसता हसला.

त्याने बॅटरी तपासली, ठणठणीत. स्टार्टरकडे बघितलं. मग पिशवीतून अंगठ्याएवढी जाड केबल काढली, तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला चिमट्याने लावलं आणि दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडाला. "बाई, मारा किल्ली."

मी किल्ली फिरवली आणि गाडी एका झटक्यात चालू झाली. टक् नाही, कुरकुर नाही. हॉर्न दाबला तर झाडावरचे बगळे उडाले. ओट्यावर हे खुर्चीतून अर्धवट उठले आणि परत बसले. दाढी वाढलेली होती.

"अर्थिंग गेलंय," वायरिंगवाला म्हणाला. "बाकी गाडीला काही झालेलं नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे गाडीत दोन वायरी नसतात, बाई. एकच असते. करंट वायरीने जातो आणि परत येताना गाडीच्या लोखंडातून येतो. चॅसी हीच दुसरी वायर. लोखंडाला लोखंड नीट भिडलं नाही की परतीची वाट बंद. मग करंट आडवाटेने घुसतो, ब्रेक दाबला की साइडचा दिवा लागतो." त्याने हात पुसले. "नववीत मी तेच काढलं होतं. माझ्या वडिलांचा टेम्पो बघून."

दोनदा नापास केलेल्या पोराने मला माझ्याच दारात शिकवलं होतं, आणि तेही बरोबर.

तो चटईवर आडवा झाला आणि पुढच्या चाकाच्या आत शिरला. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अरे देवा! हिला चांदीचा वर्ख कुणी लावलाय?"

"मी," मी म्हटलं.

"हीच अर्थिंगची पट्टी, बाई. खाली रंग, वर रंग, बोल्टाच्या आट्यांत रंग. तुम्हीच शिकवलं होतं, रंगातून वीज जात नाही." त्याने पट्टी सोडली आणि तार-ब्रशने, पॉलिश पेपरने खालची जागा घासायला घेतली. पापुद्रे गळून माझ्या पायाशी पडत होते. मला त्याला म्हणायचं होतं, हळू, दोन हात जास्तीचे आहेत तिथे. पण कुठल्या तोंडाने म्हणणार? दर वर्षी पाना घेऊन, जीव लावून, नीट उघडून मीच ती वाट बुजवत होते. वरवर रंग फासणारी आळशी बाई असते तर गाडीला काही झालं नसतं.

मग तो म्हणाला, "पण एक कळत नाही. आजूबाजूला रंगाचा हा जाड थर आहे, पंधरा वर्षांचा असेल. आणि या रुपयाएवढ्या जागेत फक्त दोन वर्षांचा. खाली कानस मारल्याच्या रेघा आहेत, जुन्या, एकावर एक. कोणीतरी दर वर्षी इथलं खरवडत होतं, बाई. दोन वर्षांपूर्वी थांबलं."

मी तिथेच, बोनेटला हात लावून उभी राहिले. दोन वर्षं. गुडघे. ग्रीसिंग. तासभर लागेल. दर वर्षी पांढरं फटक दिसणारं लोखंड. आणि मागच्या वर्षी पट्टी सोडली तर खालचा रंग जसाच्या तसा बघून मला झालेला आनंद! "टिकला एकदाचा!" असं मी ओरडून ह्यांना सांगितलं होतं. हे ओट्यावरून "वा" म्हणाले होते.

मी ओट्यावर गेले. "तुम्हाला माहीत होतं?"

हे रस्त्याकडे बघत म्हणाले, "गाडी नवी होती तवाच एका गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? आठ दिवस आधीपासून डबे काढायचीस, ब्रश भिजवायचीस, गाणी म्हणायचीस गाडीखाली. सांगितलं असतं तर तू रंगवणंच सोडलं असतंस. तुझा स्वभाव मला ठाऊक हाय. चुकलं म्हटलं की तू त्या कामाला पुन्हा हात लावत नाय." मग म्हणाले, "तासाभराचं काम होतं. खरवडायचं, आवळायचं, कडेनं तुझ्याच डब्यातला रंग लावायचा."

तरीच माझा डबा दर वर्षी चार बोटं खाली जायचा! मी जाऊबाईंवर संशय घेतला होता.

"आणि ही दोन वर्षं? खाली जाता येत नव्हतं तर दुसऱ्याकडून करून घ्यायचं होतं."

"घेतलं की मागल्या वर्षी, दसऱ्याच्या तोंडावर. गॅरेजात एक जादा वायर टाकून घेतली, वरच्या अंगाला." हे आता माझ्याकडे बघून हसले. "ती बी तू सोडून रंगवलीस."

मला आठवलं. लोंबकळणारी एक काळी वायर. तिच्या खाली तर मी तीन हात मारले होते.

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि राग तर असा आला की काय सांगू. "अहो, गाडी विकायला निघालो होतो आम्ही! तुमचा बाजार जाणार होता. एक शब्द बोलला असतात तर?"

"मग म्हणाला असतास की माझ्यामुळं झालं," हे म्हणाले. ह्यांचं असंच, मन भरून आलं की माझ्याशी पुरुषाशी बोलल्यासारखं बोलतात. "जाऊ दे म्हटलं. गाडी काय, जुनीच हाय."

मला त्या माणसाचा इतका राग आजवर कधी आला नव्हता, आणि इतकी मायाही नाही. मी आत जाऊन दाढीचं सामान आणलं आणि ह्यांच्या मांडीवर आदळलं.

वायरिंगवाल्याने काम नीट केलं. बॅटरीकडून चॅसीला नवी जाड केबल, चॅसीकडून इंजिनाला दुसरी, लोखंड आरशासारखं घासून, दात्यांचा वॉशर घालून, करकचून आवळून. वरून ग्रीसचा लपका, म्हणजे गंज धरणार नाही. "गंजासाठी हे, बाई. रंग नाही," असं त्याने दोनदा सांगितलं. चंदेरी पट्टी त्याने काढून मला आठवण म्हणून दिली. जाताना मी त्याला म्हटलं, "तुझे नववीचे मार्क मी वाढवते." म्हणाला, "बाई, आता काय उपयोग? पण एका वायरीवर दिवा लागतो, असं फळ्यावर एकदा लिहा."

दुपारी देवळ्याचा माणूस आला. त्याने किल्ली फिरवली, गाडी चालू. बंद केली, पुन्हा फिरवली, पुन्हा चालू. हॉर्न वाजवला, दिवे बघितले, वाकून चॅसी बघितली आणि त्याचे डोळेच विस्फारले. "मावशी, गाडी भारी शे! इतकी राखलेली चॅसी मी आजवर पाहिली नाय." दोन वर्षं जिला कोणी फुकट विचारत नव्हतं, तिच्यासाठी हा माणूस घासाघीससुद्धा न करता सांगितलेली किंमत द्यायला तयार होता. मुलगा खुशीत माझ्याकडे बघत होता.

ओट्यावर हे बसले होते, गुळगुळीत दाढी करून, पांढरा शर्ट घालून. रस्त्याकडे बघत नव्हते. गाडीकडे बघत होते.

मी म्हटलं, "दादा, तुम्हाला चहा मिळेल, जेवण मिळेल. गाडी मिळणार नाही."

मुलगा म्हणाला, "आई, तूच तर..."

"मीच," मी म्हटलं. "सगळं मीच केलंय. तू मध्ये बोलू नकोस."

दसऱ्याला आमचा झेंडू आमच्याच गाडीतून गेला. फाटकातून वळताना ह्यांनी उगाच हॉर्न वाजवला, एकदा नाही, तीनदा. मी घरातून ओरडले, "कळलं हो, कळलं!"

रंग मी दिला की नाही? दिला. मी देणार नव्हते, पण खंडेनवमीच्या आधी ह्यांनी स्वतः डबे काढून ओट्यावर मांडले, ब्रश भिजवले आणि म्हणाले, "त्या बोल्टाला तेवढं सोड." मी त्या जागेभोवती कागद चिकटवला आणि बाकी सगळं रंगवलं. पण म्हातारा हात, कागद सरकला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला आठवलं, कडेने थोडा काळा गेला होता आत. हे बाजारातून येऊन जेवून खुर्चीत टेकले होते. मी चटई उचलली, पॉलिश पेपर घेतला आणि गाडीखाली शिरले.

गार होतं तिथे. मी घासायला लागले तशी ओट्यावरून हाक आली, "अगं, काय करतेस खाली?"

"ग्रीसिंग," मी म्हटलं. "तासभर लागेल."